गुलछडीची नवी काडी कशी जन्माला येते?

(टेबलावर दोन काड्या. मागे शेत.)

नमस्कार मंडळी. ह्या दोन काड्या आज पहाटे साडेपाचला तोडल्यात. दोन्ही गुलछडीच्याच. कुणी निशिगंध म्हणतं, कुणी रजनीगंधा. आमच्या दौंड भागात मात्र गुलछडीच.

ही डावीकडची सिंगल. लांब नळी, वर सहा पाकळ्या, एकच ओळ. मी हातभर लांब धरलीये तरी वास येतोय. आणि ही उजवीकडची डबल. पाकळ्यांवर पाकळ्या, कळीच्या टोकाला गुलाबी झाक. दिसायला भरगच्च. पण ह्या वरच्या कळ्या बघा, गच्च मिटलेल्या. काडी फुलदाणीत ठेवली तरी ह्यातल्या बऱ्याच कळ्या उमलणार नाहीत, तशाच पिवळ्या पडून गळतील.

आता पुण्याच्या मार्केट यार्डातले फुलांचे भाव पेपरात वाचा. तिथं 'गुलछडी' वेगळी आणि 'गुलछडी काडी' वेगळी छापतात. गुलछडी म्हणजे सुटी फुलं, किलोवर. हार, गजरा, वेणी. काडी म्हणजे फुलदाणी, बुके, लग्नाचा मांडव. पीक एक, बाजार दोन, आणि दोघांच्या मागण्या निरनिराळ्या. सुट्या फुलाला वजन हवं, वास हवा, तोडणी महिनोन्‌महिने चालायला हवी. दांडा वाकडा असला तरी त्याचं कुणाला काही पडलेलं नसतं. काडीचं उलट. तिथं गिऱ्हाईक दांड्याचेच पैसे देतं. लांबी किती, ताठ उभा राहतो का, कळ्या दाट आहेत का, चार दिवसांनी कसा दिसतो. कट फ्लॉवरचा, म्हणजे दांड्यासकट विकायच्या फुलाचा, नवा वाण म्हणजे नवं फूल असं आपण समजतो, पण नवे वाण काढणाऱ्याची, म्हणजे पैदासकाराची, नजर आधी दांड्यावर असते. आजचा सगळा व्हिडिओ त्याबद्दलच आहे.

सुरुवात फुलाच्या पोटातून करू.

(क्लोज-अप. सिंगल फूल ब्लेडने उभं चिरलेलं.)

ही नळी मी उभी चिरली. आत हे सहा बारीक तंतू दिसतायत, ते पुंकेसर. टोकावर पिवळट पिशव्या, त्यांत पराग. मधोमध हा एकटा तंतू म्हणजे स्त्रीकेसर, त्याच्या टोकाचे तीन फाटे म्हणजे पराग घेणारी कुक्षी. आणि अगदी खाली, देठाजवळची ही हिरवी गाठ म्हणजे बीजांडकोश. बी धरलं तर इथं.

गुलछडीत पराग आधी मोकळे होतात आणि कुक्षी नंतर तयार होते. म्हणजे फूल स्वतःचं स्वतःला सहसा फळू देत नाही. वेळ जुळून आली तरी आपल्याच झाडाचे पराग ती बहुधा नाकारते. आणि इथं एक गंमत आहे. शेतात अर्धा एकर गुलछडी लावली म्हणजे हजारो झाडं लावली असं आपल्याला वाटतं. खरं तर ते एकच झाड असतं. सगळी कंदापासून आलेली, कंद कंदापासून, तो त्याच्या आधीच्या कंदापासून. हजारो तुकड्यांत वाटलेलं एकच झाड! त्यामुळं मधमाशी ह्या टोकाच्या फुलावरून त्या टोकाच्या फुलावर गेली तरी ती त्याच झाडावर फिरत असते. आपल्या शेतात गुलछडीला बियांची बोंडं क्वचित दिसतात, त्याचं एक मोठं कारण हे. दुसरं साधं आहे, फुलं आपण आधीच तोडून नेतो.

आता डबल चिरते.

(क्लोज-अप.)

पाकळी, पाकळी, पुन्हा पाकळी. पुंकेसर कुठंयत? हा बघा एक, अर्धा पाकळी झालेला, कडेला परागाची पिशवी चिकटून राहिलीये. जे भाग पराग आणि बी धरण्यासाठी होते त्यांच्याच पाकळ्या झाल्यात. म्हणून डबलला बी धरत नाही, तिला आई करता येत नाही. पण शोधून शोधून असा थोडा पराग मिळाला तर तिला बाप करता येतं.

बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी हेच केलं. सिंगल आई, डबल बाप. त्या संकरातून दोन वाण आले आणि दोघांची वाट वेगळी झाली. एक 'शृंगार', सिंगल फुलाचा, सुट्या फुलांच्या बाजारात चालला. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीलाही तो बऱ्यापैकी दाद देत नाही. दुसरा 'सुवासिनी', डबल, पाकळ्यांच्या अनेक ओळींचा, काडीसाठी. एकाच आईबापांची दोन पोरं, एक गजऱ्यात गेलं, एक फुलदाणीत. पुढं शृंगारचा 'मेक्सिकन सिंगल'शी संकर केला आणि 'प्रज्वल' आला. प्रज्वलची कळी किंचित गुलाबी, उमलल्यावर फूल पांढरं, फूल मोठं, दांडा उंच आणि ताठ. सुट्या फुलांचं उत्पादन शृंगारपेक्षा सुमारे २० टक्के जास्त, आणि काडी म्हणूनही विकता येतो. दोन्ही बाजारांत उभा राहणारा वाण विरळा, म्हणून प्रज्वल मला फार महत्त्वाचा वाटतो. 'वैभव' हा अर्धदुहेरी, म्हणजे सिंगल आणि डबलच्या मधला, तो काडीसाठीच निवडलेला. आपल्याकडं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले रजनी' आहे, सिंगल. विद्यापीठाच्या वाणांच्या नावाआधी 'फुले' लागतं ते महात्मा फुल्यांचं.

आता प्रत्यक्ष संकर कसा करतात ते दाखवते. लागणारं सामान एवढंच: बारीक चिमटा, मऊ कुंचला, बटर पेपरच्या पिशव्या, दोरा, पेन्सिल. पेन्सिलच घ्यायची. पहिल्या वर्षी मी चिठ्ठ्यांवर पेनानं लिहिलं होतं. एका पावसात शाई गेली आणि कुठल्या बोंडाचा बाप कोण ते कळायला मार्ग राहिला नाही. सगळी बोंडं टाकून द्यावी लागली.

आई म्हणून जी काडी निवडली, तिची उद्या उमलेल अशी कळी संध्याकाळी हळूच उघडायची. पराग सुटायच्या आत सहाही पुंकेसर चिमट्यानं काढायचे. कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही. पिशवी बांधायची. मग रोज बघायचं. कुक्षीचे तीन फाटे पसरले, ओलसर चकाकायला लागले की बापाचा पराग कुंचल्यानं तिथं टेकवायचा. पुन्हा पिशवी. चिठ्ठीवर आईचं नाव, गुणाकाराची खूण, बापाचं नाव, तारीख. फळलं तर देठाजवळची ती हिरवी गाठ फुगायला लागते. नाही फळलं तर फूल सुकून गळतं, आणि बरीचशी गळतातच.

(हातात सुकलेलं बोंड.)

हे बोंड. आत तीन कप्पे, त्यांत ह्या चपट्या काळ्या बिया. पैदासकाराला ह्या बियांचं एवढं अप्रूप का, तर कंद म्हणजे हुबेहूब तेच झाड, पण बी प्रत्येक वेगळं. ह्या एका बोंडातल्या दोन बियांची झाडं सख्ख्या बहिणींसारखी, चेहरा मिळताजुळता पण उंची, रंग, स्वभाव वेगळा. म्हणून नवा वाण हवा असेल तर बियाकडं जायचं, आणि मनासारखं झाड सापडलं की लगेच कंदाकडं परत यायचं. ज्वारी-बाजरीत गुण पक्के व्हायला पिढ्यान्‌पिढ्या घालवाव्या लागतात. इथं एक झाड सापडलं की तेच वाण.

फक्त ते सापडायला हवं. रोपं आधी गवतासारखी बारीक उगवतात. कंद पोसायला वेळ लागतो, दीड-दोन सेंटिमीटरचा झाल्याशिवाय काडी टाकत नाही. पहिला हंगाम नुसत्या पात्यांत जातो. पुढं फुलं दिसायला लागतात तेव्हा खरं काम सुरू होतं, ते म्हणजे नाकारण्याचं. दांडा वाकतोय, काढून टाक. कळ्या विरळ, काढून टाक. फूल सुरेख आहे पण दांडा वीतभर, काढून टाक. माझ्या मते पैदासकाराची कसोटी संकर करण्यात नसते. डोळ्यांत भरणारं फूल दिसत असताना दांड्यापायी त्याला नाही म्हणणं, तिथं कस लागतो.

ह्यातून उरलेल्यांची परीक्षा फुलदाणीत. काडी कधी तोडतात? खालच्या एक-दोन कळ्या उमलल्या की. म्हणजे बाकीच्या सगळ्या कळ्या झाडापासून तुटल्यावर, नुसत्या पाण्यात उभं राहून उमलायच्या असतात. काडीबरोबर साखरेची जी शिदोरी आली तेवढीच. सिंगलला उघडायच्या पाकळ्या कमी, तिचं भागतं. डबलला इतक्या पाकळ्या उलगडायच्या असतात की शिदोरी पुरत नाही. पाण्यात थोडी साखर घातली तर फरक पडतो, घरी करून बघा. पण वाण असा हवा की गिऱ्हाइकानं काही न करता वरपर्यंत उमलला पाहिजे. त्यासाठी सारख्या लांबीच्या काड्या सारख्या पाण्यात ठेवायच्या आणि रोज मोजायचं: आज किती उमलल्या, किती मलूल झाल्या, दांडा झुकला का. कंटाळवाणं काम आहे. वाण टिकणार की नाही ते इथं ठरतं.

त्यानंतर खोडवा, म्हणजे त्याच लागवडीचं पुढच्या वर्षांचं पीक. गुलछडी एकदा लावली की तीनेक वर्षं शेतात राहते. पहिल्या वर्षी उंच काडी देणारं झाड तिसऱ्या वर्षी आखडलं तर उपयोग काय? मग निरनिराळ्या ठिकाणच्या चाचण्या, कारण बंगळुरूची हवा वेगळी आणि आमच्या भीमेकाठची काळी जमीन वेगळी. शेवटी पुरेसे कंद तयार करायचे. सगळं धरून आठ-दहा वर्षं सहज जातात.

रंगाबद्दल मला नेहमी विचारतात. बाजारात निळी, पिवळी, गुलाबी गुलछडी दिसते ती काय आहे? तो वाण नाही. पांढरी काडी रंगाच्या पाण्यात उभी करतात, दांडा पाणी ओढतो, रंग पाकळीपर्यंत चढतो. देठ कापून बघा, आत रंगाचे ठिपके दिसतील.

खरा रंग आणता येईल का? गुलछडी मूळची मेक्सिकोची. तिथले जुने ॲझ्टेक लोक तिला 'हाडाचं फूल' म्हणत, इतकी पांढरी. हा पांढरेपणा आणि रात्रीचा वास कुणासाठी, तर रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी. अंधारात रंग काय कामाचा? वासच हवा. तिच्याच गोतात तिथं केशरी-लाल फुलांची झाडं आहेत. त्यांच्याकडं दिवसा गुंजनपक्षी येतात, त्यांना रंग दिसतो, वासाशी घेणंदेणं नाही. त्यांच्याशी संकर करून रंग आणता येतो, पण त्या बाजूनं वास येत नाही. रंगही आला आणि वासही राहिला अशी काडी शोधायची असते, आणि बिनवासाची गुलछडी मला तरी घरात ठेवावीशी वाटणार नाही.

संकराशिवायही एक वाट आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं कंदांवर गॅमा किरण सोडून 'रजत रेखा' आणि 'स्वर्ण रेखा' काढले. सिंगलमधून आलेल्या रजत रेखाच्या पात्यांवर रुपेरी पट्टे, डबलमधल्या स्वर्ण रेखाच्या पात्यांना सोनेरी कडा. फूल पांढरंच, शोभा पात्यांची.

आता कायद्याचं थोडक्यात. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. वाण नोंदवायचा तर तो आधीच्यांपेक्षा वेगळा हवा, सगळी झाडं एकसारखी हवीत आणि पुढच्या लागवडीतही तसाच राहायला हवा. गुलछडीसारख्या पिकाला १५ वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं. शेतकऱ्यालाही आपला वाण नोंदवता येतो. 'एकसारखी' ह्या शब्दाची किंमत मला तीन वर्षांपूर्वी कळली. एका रोपवाटिकेतून डबल म्हणून कंद आणले, वाफ्यात दर चार-पाच झाडांमागं एक सिंगल निघालं. जुडी बांधायला बसलो की निम्मा वेळ निवडण्यात. कंद हातात घेऊन काही कळत नाही हो, काडी आल्यावरच कळतं, तोवर चार महिने गेलेले असतात. म्हणून कंद घेताना वाणाचं नाव पावतीवर लिहून घ्या, आणि जमलं तर ज्याच्याकडून घेताय त्याचं फुलात आलेलं शेत आधी बघून या.

(ब्राउन पेपरची पिशवी टेबलावर.)

ही पिशवी आता शेवटी. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात मी प्रज्वलवर शेतातल्या डबलचा पराग लावला होता. एकवीस फुलांवर लावला, तीन बोंडं धरली, अकरा रोपं जगली. ह्या वर्षी त्यातल्या सहांनी काडी टाकली. पाच मी काढून टाकल्या, दोघींची फुलं खरंच देखणी होती, पण दांडे माना टाकत होते. सातव्या नंबरच्या रोपाची काडी मात्र माझ्या कमरेपर्यंत आली, पाकळ्यांच्या दोन ओळी, आणि फुलदाणीत सहाव्या दिवशी वरून तिसरी कळी उमलली. एकाच काडीवरून काही ठरत नाही. त्या झाडाखाली चार कंद निघाले, ते ह्या पिशवीत आहेत, वर पेन्सिलीनं ७ लिहिलंय. एप्रिलअखेर लावणार आहे. चारही काड्या आल्या की सिंगल, डबल आणि हिची अशा तीन फुलदाण्या शेजारी ठेवून रोजची मोजणी तुम्हाला दाखवते.