मडगार्ड निघतं कसं?

(दृश्य: जुलैमधली सकाळ. खडकवासल्याच्या धरणाजवळ भज्यांच्या गाड्या. सायकलवाल्यांच्या पाठी.)

पुण्याहून सिंहगडाकडे निघालेल्या सायकली पावसाळ्यात इथे थांबतातच. माणसं चहाकडे वळली की त्यांच्या पाठी बघा. खारीच्या पाठीवर रामाची बोटं उमटली म्हणतात. इथे मागच्या चाकाचं एकच बोट उमटलंय, कमरेपासून थेट मानेपर्यंत. ती रेघ काही नुसत्या पावसाची नाही. रस्त्यावरचं डिझेल, शेण, सगळं आहे तिच्यात. पुढचं चाक उडवतं ते चेहऱ्यावर, आणि बाटलीच्या बुचावर. तीच बाटली मग आपण तोंडाला लावतो.

(दृश्य: संथ गतीत फिरणारं चाक.)

गोफणीतून दगड सुटावा तसं टायरवरून पाणी सुटतं. चाकाच्या मागच्या अंगाने सुटलं तर सरळ वर, माथ्याजवळ सुटलं तर पुढे. सायकल ताशी २० किलोमीटरने चालली असेल, तर टायरचा माथा रस्त्याच्या मानाने ताशी ४० ने पुढे धावत असतो. म्हणून मागून निघालेला थेंबही आपल्याला गाठतो.

आजोबांच्या काळ्या सायकलला लोखंडी मडगार्ड जन्मापासून असायची. माउंटन बाइकला नसतात. पुढचं चाक धरणारा फोर्क शंभर-शंभर मिलिमीटर खाली दबतो, टायर सव्वादोन इंच रुंद, आणि मडगार्डच्या काड्या बसवायला एक्सलजवळ भोकं बऱ्याचदा नसतातच. मग उरतात पट्ट्याने, क्लॅम्पने बांधायची मडगार्ड. दुकानात सगळे विचारतात, "घट्ट बसतं ना?" मी विचारतो, "निघतं कसं?"

(दृश्य: दौंडच्या बाजूला, भीमाकाठची काळी रानं. डांबर सोडून गाडीवाटेवर उतरणारी सायकल.)

कारण ही माती. घाटातली लाल माती पाण्याबरोबर वाहून जाते. काळी माती भिजली की फुगते आणि चिकटते. टायरवर थर, थरावर गवत, गवतावर पुन्हा थर. टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटांची फट असेल, तर ती बघता बघता भरते आणि चाक जाम होतं. डांबरावर जे मडगार्ड पाठ वाचवतं, ते इथे ब्रेक होतं. तेव्हा ते जागेवरच, ओल्या हातांनी, पान्ह्याशिवाय निघायला हवं. दुकानात एकदा डोळे मिटून काढून बघा. हसतील, हसू द्या.

(दृश्य: हात. रबरी पट्टा ओढून खुंटीत अडकवताना.)

मागे सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या नळीला, बसणारं मडगार्ड सर्वात सोयीचं. पट्टा ओढला, अडकवला, झालं. एक खोड मात्र आहे. माझं पहिलं मडगार्ड गतिरोधकावर आपटलं की बाजूला फिरायचं आणि टायरला घासून घरापर्यंत कुरकुरायचं. पंक्चरवाल्याने जुन्या ट्यूबचा तुकडा पट्ट्याखाली घातला. तेव्हापासून गप्प आहे. ट्यूबमुळे रंगही वाचतो, नाहीतर पट्ट्याखाली अडकलेली वाळू पॉलिश पेपरचं काम करते.

बटण दाबून वरखाली होणारी ड्रॉपर सीटपोस्ट असेल, तर तिच्या चकचकीत नळीवर काहीही बांधू नका. ओरखडे पडतील, आणि सीट खाली आली की मडगार्ड टायरवर टेकेल. मागेही सस्पेन्शन असेल, तर एअर शॉकमधली, म्हणजे मागच्या हवेच्या स्प्रिंगमधली, हवा सोडून सायकल पूर्ण दाबा आणि टायर कुठवर येतं ते बघा. सीटखाली खोचायची प्लास्टिकची जीभ स्वस्त, हलकी, खिशात मावणारी. पण तिने बूड कोरडं राहतं, पाठ नाही.

पुढे फोर्कच्या कमानीला बांधायचा प्लास्टिकचा लवचीक पत्रा पुरतो. डोळ्यांत चिखल येत नाही. तो झिप टायने बांधला, तर काढताना टाय कापावे लागतात, मग सुटसुटीतपणा कुठला? वेल्क्रो घ्या, आणि तो फोर्कच्या खालच्या जाड पायांनाच बांधा. वरच्या गुळगुळीत नळ्या मोकळ्या ठेवायच्या. बाटली आणि आपले पाय वाचवायचे असतील, तर फ्रेमच्या खालच्या नळीला आणखी एक पट्टी लागते.

रुंदीचं सोपं आहे: मडगार्ड टायरपेक्षा रुंद हवं. सव्वादोन इंच म्हणजे ५७ मिलिमीटर. दुकानात टायर नेता येत नाही, मोजपट्टी नेता येते.

(दृश्य: गाडीवाटेचं टोक. सायकलवाला उतरतो. दोन पट्टे सोडतो, दोन्ही मडगार्ड पाठीवरच्या सॅकला बांधतो. बाभळीच्या काडीने टायरवरची माती खरवडतो आणि रानात शिरतो.)

परत डांबर लागेपर्यंत तासभर तरी जाईल. तोवर त्याच्या पाठीवर रेघ नाही उमटणार. सॅकवर लटकणारी मडगार्ड तिथेच तर आडवी आहेत.