दहा वर्षांची गॅरंटी आणि गच्चीचा कोपरा

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना सरत आला की माझा फोन थांबत नाही. मार्केट यार्डातले आडते, भोसरीतले छोटे कारखानदार, लक्ष्मी रस्त्यावरच्या इमारतींचे मालक, सगळ्यांचं एकच म्हणणं असतं: "साहेब, पाऊस तोंडावर आलाय, गच्चीचं काहीतरी करा." पुण्यात मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या सुमारास येतो, आणि वॉटरप्रूफिंगला हवी असते कोरडी ठणठणीत गच्ची. घाई तिथेच सुरू होते.

काही वर्षांपूर्वी एका गोदामाच्या मालकांनी मला बोलावलं. वर सपाट स्लॅब, त्यावर डांबरी मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारी डांबराची शीट, घातलेलं. दुसऱ्याच पावसाळ्यात साखरेची पोती भिजली. त्यांनी कपाटातून दहा वर्षांच्या वॉरंटीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. मेंब्रेन बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आधीच येऊन गेला होता. त्यानं तुकडा कापून नेला, तपासला, माल उत्तम निघाला. आणि कागदावर हमी होती ती फक्त मालाची. शीट सदोष निघाली तर नवी शीट मिळणार. बसवण्याची मजुरी नाही, भिजलेल्या साखरेची भरपाई तर नाहीच. ज्या ठेकेदारानं काम केलं, त्याच्या कोटेशनच्या तळाशी नुसतं "गॅरंटी १० वर्षे" लिहिलेलं. ना सही, ना शिक्का, ना कशाची गॅरंटी याचा उल्लेख. त्याचा फोन लागत नव्हता.

मी वर गेलो. गच्चीच्या मधोमध मेंब्रेन अगदी छान होतं, आणि बहुतेक ठिकाणी ते तसंच असतं. पाणी शिरतं ते कडेनं. तिथे कठड्याशी शीट सरळ काटकोनात दुमडली होती. त्या कोपऱ्यात आधी सिमेंटचा गोलसर वाटा भरायचा असतो, म्हणजे शीटला तीक्ष्ण घडी पडत नाही. वाटा नव्हता, घडीवर शीट चिरली होती. पाणी जायच्या पाइपच्या तोंडाशी तुकडा नुसता चिकटवलेला. आणि मागाहून कुणीतरी एसीच्या स्टँडसाठी थेट मेंब्रेनमधून चार बोल्ट ठोकले होते.

ही शीट गॅसच्या ज्योतीनं तापवून चिकटवतात. दोन शीट शेजारी जोडताना १०० मिलिमीटर एकमेकींवर यायला हव्यात, टोकाला टोक असेल तर १५०. नीट तापली की जोडातून डांबराची बारीक काळी रेघ बाहेर येते. ती रेघ सलग दिसली की समजावं, जोड बसला. कारागीर घाईत असेल तर रेघ तुटक येते, आणि ते कुठल्याही वॉरंटीच्या कागदावर उमटत नाही. स्लॅबमध्ये ओल राहिली असेल तर उन्हात तिची वाफ होऊन शीटला फुगे येतात. ढाळाचंही तसंच. शंभराला एक, म्हणजे १० मीटरला किमान १० सेंटिमीटर उतार हवा. नाहीतर पाणी साचतं, आणि साचलेल्या पाण्याला हमी लागू नाही असं कलम बऱ्याच वॉरंटीत असतं.

शिवाय स्लॅब जिवंत असल्यासारखा हलतो. ३० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांच्या फरकानं जवळजवळ ९ मिलिमीटर लांबतो-आखडतो. त्यासाठी ठेवलेल्या सांध्यावर साधं सिमेंट लिंपलं, तर ते पहिल्या उन्हाळ्यातच फाटणार.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: मालाची हमी वेगळी आणि कामाची हमी वेगळी, दोन्ही लेखी मागा. कामाची हमी ठेकेदाराच्या सहीनं हवी. गळती निघाली तर किती दिवसांत येणार, मजुरी कुणाची, वरचा कोबा फोडावा लागला तर तो परत कोण घालणार, हे त्यात यायला हवं. सोलर किंवा मोबाइल टॉवरवाल्याला भोक पाडू देण्याआधी ठेकेदाराला कळवा, नाहीतर हमी तिथेच संपते. थोडी रक्कम एका पावसाळ्यापर्यंत हातात राखून ठेवा. मला यात संकोच वाटत नाही, चांगला ठेकेदार याला हरकत घेत नाही.

रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांचं नियमन करणारा कायदा, त्याखाली नोंदलेल्या प्रकल्पात नवा गाळा किंवा ऑफिस घेतलेल्यांनी हेही जाणून घ्यावं. २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३)नुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर तो बिल्डरनं ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यायचा असतो. त्यासाठी तक्रार लेखी द्या, तारखेसह फोटो ठेवा. मात्र जुन्या इमारतीत तुम्ही स्वतः ठेकेदार नेमून काम करून घेतलं, तर तिथे तुमचा आधार म्हणजे त्याच्याशी केलेला करारच.

त्या गोदामाची गच्ची आम्ही एप्रिलमध्ये पुन्हा केली. कठड्याभोवती वाटे भरले, शीट कठड्यावर ३०० मिलिमीटर चढवली, बोल्ट काढून स्टँड सिमेंटच्या चौथऱ्यावर घेतले. मग पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत पाणी कोंडलं आणि ७२ तास ठेवलं. मालक तीनही दिवस सकाळी टॉर्च घेऊन खाली छताकडे बघत फिरत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी छताला हात लावून पाहिला. कोरडा होता. मग आम्ही पाणी सोडलं, आणि त्यांनी ठेकेदाराच्या हमीपत्रावर चाचणीची तारीख लिहून घेतली.