एक रुपिया, तीन धातू

मंडळी, या टेबलावर पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्याची तीन नाणी ठेवली आहेत. एकावर साल १९३५, दुसऱ्यावर १९४७ आणि तिसऱ्यावर १९५२. तिन्हींवर पोर्तुगीजमध्ये ‘उमा रुपिया’, म्हणजे एक रुपया, असं लिहिलेलं आहे. तिन्ही १२ ग्रॅमची, आणि आकारानंही हातात सारखीच वाटणारी. पण पहिल्यात ९१.७ टक्के चांदी आहे, दुसऱ्यात ५० टक्के आणि तिसऱ्यात चांदी अजिबात नाही. ते तांबे-निकेलचं आहे. गोव्यातल्या जुन्या घरांत, ट्रंकेच्या तळाशी, पितळी डब्यात ही तिन्ही नाणी एकत्र पडलेली असतात आणि घरात सगळी ‘चांदीचे रुपये’ म्हणूनच ओळखली जातात. काही वेळा त्यातलं नेमकं १९३५ चं नाणं सोनाराकडं मोडीत जातं आणि १९५२ चं चकचकीत आहे म्हणून देवघरात राहतं. म्हणून आज बराचसा वेळ ही तीन नाणी ओळखण्यावर घालवू.

आधी थोडं मागं जाऊ. पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कनं १५१० मध्ये गोवा घेतला आणि लगेच इथं नाणी पाडायला सुरुवात केली. पुढं साडेतीन शतकं टांकसाळ गोव्यातच होती. पणजीत टपाल कार्यालयासमोर ‘काझा द मोएदा’ ही वास्तू आजही उभी आहे. नावाचा अर्थच नाण्यांचं घर. गोव्यातली टांकसाळ १८६९ मध्ये बंद झाली. त्यानंतर १८७८ मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांचा तह झाला आणि गोव्याचा रुपिया ब्रिटिश रुपयाच्या मापात बसवला गेला. १८८१ पासूनचा, पोर्तुगालच्या दों लुईस राजाच्या मुखवट्याचा रुपिया घ्या. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. ब्रिटिश रुपयाचंही हेच माप. बारीक हिशेबसुद्धा जुळवून घेतला होता: सोळा तांगांचा एक रुपिया, जसा सोळा आण्यांचा रुपया. पाव तांगा म्हणजे पैसा आणि तांग्याचा बारावा भाग म्हणजे पै. सीमेपलीकडच्या सावंतवाडीच्या किंवा बेळगावच्या बाजारात आण्याचा भाव ज्याला कळायचा, त्याला म्हापशात तांग्याचा भाव वेगळा शिकायची गरज नव्हती.

त्याच्या नंतरच्या दों कार्लोस राजाचा रुपिया १९०३ आणि १९०४ या सालांचा, आणि पोर्तुगालमधली राजेशाही गेल्यावर प्रजासत्ताकाचा पहिला १९१२ चा. या १९१२ च्या नाण्यात शेवटचा आकडा भिंगाखाली जरूर बघा. काही नाण्यांवर २ च्या खाली १ ची उभी रेघ दिसते, कारण १९११ साठी कोरलेल्या ठशावरच पुढं २ ठोकला गेला. साधं दहापट भिंग पुरतं. मात्र प्रकाश बाजूनं, आडवा पडला पाहिजे. वरून थेट दिवा धरला तर ती रेघ चमकेत बुडून जाते.

आता पुन्हा टेबलावरच्या तिघांकडं. वजनावरून ती ओळखता येत नाहीत हे उघड आहे. चुंबकाचाही उपयोग नाही, कारण चांदी आणि हे तांबे-निकेल, दोन्ही साध्या चुंबकाला चिकटत नाहीत. सोनार कसोटीच्या दगडावर घासून बघेल, पण तो ओरखडा कायमचा राहतो. नाण्याला इजा न करता धातू ओळखायचा असेल तर पाण्यात तोलावं. ही कृती घरच्या घरी होते, फक्त घाई करू नये.

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. नाणं कोरडं असताना तोला आणि आकडा लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक तंगूसच्या फासात अडकवा. गरीला लावतात तीच तंगूस, पण सगळ्यांत बारीक. सुती दोरा नको, तो पाणी पितो. आता नाणं पाण्यात पूर्ण बुडेल असं हातानं लटकतं धरा. तळाला किंवा कडेला ते टेकता कामा नये. टेकलं की काटा नाण्याचंच वजन दाखवू लागतो आणि सगळा हिशेब फसतो. लटकत्या नाण्यामुळं काटा जो आकडा दाखवेल, तेवढं पाणी त्या नाण्यानं बाजूला सारलं. कोरड्या वजनाला या आकड्यानं भागा. येणारा भागाकार म्हणजे नाण्याच्या धातूची घनता.

१९३५ चा पूर्ण वजनाचा रुपिया साधारण १.१६ दाखवेल; भागाकार १०.३ च्या आसपास. १९४७ चा १.२४ दाखवेल, भागाकार ९.७ च्या जवळ. १९५२ चा १.३४, भागाकार ८.९. झिजलेल्या नाण्याचं वजन कमी भरतं, तरी भागाकार तोच येतो. या पद्धतीची खरी ताकद तिथंच आहे.

चूक कुठं होते? बहुतेक वेळा बुडबुड्यात. ढालीच्या नक्षीत आणि अक्षरांच्या खाचांत हवा अडकते, आकडा वाढतो, आणि अस्सल चांदी हलकी ठरते. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाणं हळूच वरखाली करा आणि दोन-तीनदा मोजून बघा. नंतर नाणं ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड, पाण्यात बुचकळून मऊ कापडावर ठेवून टिपा. पुसायचं नाही, टिपायचं. आणि कडी लावलेलं नाणं असं तोलू नका. डाग दिलेल्या कडीचा धातू वेगळा असतो, तो वजन आणि भागाकार दोन्ही बिघडवतो. पुतळ्यांच्या माळेसारखी गळ्यात घालायची म्हणून कितीतरी चांगल्या रुपियांना अशा कड्या लागल्या आहेत. दागिना म्हणून त्यांचं मोल आहेच, पण कडी काढली तरी डागाची खूण कडेवर राहते आणि संग्राहक ती लगेच ओळखतो.

१९४७ च्या रुपियाची आणखी एक खूण डोळ्यांनीही दिसते. निम्मी चांदी आणि बाकी मुख्यतः तांबं असलेलं नाणं कोरं असताना पांढरं दिसतं. वापरात वरचा थर झिजला की उंच भागांवर, म्हणजे ढालीच्या मधोमध आणि अक्षरांच्या माथ्यावर, पिवळसर किंवा किंचित लालसर झाक येते. घरच्यांना वाटतं नाणं मळलंय. मग चिंच येते, आंबट बिंबलं येतात, भांड्यांची पावडर येते.

याबद्दल जरा कळकळीनं बोलायचं आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांना बिंबलं लावणं ही आपल्याकडची चांगली रीत, पण नाण्याला ती मारक आहे. बिंबलातलं आणि चिंचेतलं आम्ल तांब्याच्या नाण्यावरचा तपकिरी थर खाऊन टाकतं आणि खालचं कच्चं गुलाबी तांबं उघडं पडतं. हा थर जमायला पन्नास-साठ वर्षं लागलेली असतात आणि तोच नाण्याचं रक्षण करत असतो. पावडरीनं घासलं तर बारीक ओरखडे उठतात. दिव्याखाली नाणं फिरवलं की जी चमक चक्रासारखी फिरायला हवी, ती एका जागी थिजते. घासलेलं नाणं आठ-दहा महिन्यांत पुन्हा काळं पडतं, ओरखडे मात्र जात नाहीत.

आपली हवाही नाण्यांना जपणारी नाही. जून ते सप्टेंबर दमट हवा, आणि किनाऱ्याजवळ वाऱ्यात मीठ. तांब्याच्या नाण्यावर गुळगुळीत, घट्ट बसलेला हिरवा थर असेल तर त्याला हात लावू नका, तो स्थिर आहे. पण फिकट हिरवी भुकटी असेल, नखानं हलकेच टोकरताच सुटत असेल आणि खाली खड्डा दिसत असेल, तर तो क्लोराइडचा रोग आहे. असं नाणं लगेच वेगळं काढा. ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला आणि दोन-तीन आठवडे हे चालू ठेवा. मग पूर्ण कोरडं करून सिलिका जेलच्या हवाबंद डबीत ठेवा. भुकटी पुन्हा आली तर पुन्हा तेच. नळाचं पाणी नको, त्यातही क्लोरीन असतं.

तिसरा हिरवा प्रकार वेगळाच. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नाणं वर्षानुवर्षं राहिलं की त्यावर चिकट हिरवट ओल येते. हा पीव्हीसीचा दोष. त्यावर शुद्ध ॲसिटोन चालतं, नखांचं पॉलिश काढायचं द्रव नव्हे, त्यात तेलं आणि सुगंध असतात. काचेच्या वाटीत, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास पेटता दिवा नाही हे बघून, नाणं थोडा वेळ बुडवा आणि न घासता बाहेर काढा. नव्यानं ठेवताना मायलर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद आणि डांबरगोळ्या कपाटातल्या नाण्यांच्या खणातून हलवा. रबरातल्या गंधकानं चांदी काळी पडते. सिलिका जेलचे रंगीत दाणे रंग बदलले की ते ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास भाजा, रंग परत येतो.

आता १९५८. त्या वर्षी रुपिया गेला आणि एस्कुदो आला. एका रुपियाचे सहा एस्कुदो, आणि एका एस्कुदोचे शंभर सेंतावो. इथूनच आपल्या नाण्यांतली सगळ्यांत गमतीची आकडेमोड सुरू होते. नाणी कोणती? १०, ३० आणि ६० सेंतावो, मग १, ३ आणि ६ एस्कुदो. जगात बहुतेक ठिकाणी १०, २०, ५० असतं, इथं ३० आणि ६० का? भारतात १९५७ मध्ये नवे पैसे आले होते. एस्कुदो रुपयाशी सहास एक असा बांधलेला, म्हणून ६० सेंतावो म्हणजे बरोबर १० नवे पैसे, ३० सेंतावो म्हणजे ५, तीन एस्कुदो म्हणजे ५० आणि सहा म्हणजे रुपया. पण एक एस्कुदो मात्र १६ पूर्णांक दोन तृतीयांश नवे पैसे, काही केल्या बसत नाही. नोटांतही हेच. बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या बँकेच्या, २ जानेवारी १९५९ तारखेच्या नोटा ३०, ६०, ३०० आणि ६०० एस्कुदोंच्या, म्हणजे अनुक्रमे ५, १०, ५० आणि १०० रुपये. त्यांच्यासोबत १०० आणि १००० एस्कुदोंच्याही नोटा निघाल्या, त्यांचं रुपयात भाषांतर होत नाही. लिस्बनला दशमान चलन हवं होतं आणि मडगावच्या दुकानदाराचा हिशेब रुपयात चालायचा. ही ओढाताण त्या नोटांच्या आकड्यांतच दिसते.

हे चलन जेमतेम तीन-साडेतीन वर्षं चाललं, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. म्हणूनच एस्कुदोची नाणी आजही बरीच कोरी सापडतात. १९६१ साल असलेलं नाणं एकच, १० सेंतावोचं ब्राँझ. या नाण्यांना मोठी किंमत येत नाही, पण नव्या संग्राहकानं इथून सुरुवात करावी. सगळी सहाही मूल्यं फारसा खर्च न करता जमतात.

नोटांबद्दल थोडक्यात. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, इस्त्री तर नकोच. इस्त्री फिरवलेली नोट सपाट दिसते, पण दिव्यासमोर तिरकी धरली की तुटलेल्या धाग्यांची घडी पांढऱ्या रेषेसारखी दिसते, आणि छपाईचा बोटाला लागणारा उठाव नाहीसा झालेला असतो.

बनावट मालाचंही सांगितलं पाहिजे. पर्यटकांच्या बाजारात ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेली, मागं रामदरबार असलेली तांब्या-पितळेची जाड नाणी विकतात. कंपनीनं असं नाणं कधीच काढलेलं नाही. गोव्याच्या जुन्या कदंब राजांच्या सुवर्णनाण्यांच्या नकलाही फिरतात. अस्सल नाण्यावर एका बाजूला सिंह आणि दुसरीकडं नागरी अक्षरांत ‘श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद’ आणि पुढं राजाचं नाव असतं. नार्वेच्या ज्या सप्तकोटीश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा बांधवलं, तोच हा देव. ओतीव नकलेत ही अक्षरं कडा वितळल्यासारखी बोथट दिसतात, मैदानात, म्हणजे नाण्याच्या सपाट भागात, सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात आणि कडेवर साच्याची शिवण सापडते. ठशानं पाडलेल्या नाण्यात अक्षराची भिंत मैदानातून एकदम उभी राहते. देवाचं नाव आपल्याच लिपीत आहे, तेव्हा ते एकेक अक्षर लावून वाचा. नक्कल करणाऱ्याला बरेचदा लिपी येत नाही आणि तो तिथंच पकडला जातो.

‘तुमच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये, आधी शुल्क भरा’ असे फोन येतात, त्यात रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरतात. बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की ती अशा व्यवहारात नाही आणि कोणाला असं शुल्क घ्यायचा अधिकारही दिलेला नाही.

शेवटचा मुद्दा, कारण इथल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी लिस्बनला, लंडनला किंवा आखातात आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांचं झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांची आठवण म्हणून सामानात ठेवलेला १८८१ चा रुपिया विमानतळावर अडकू शकतो. १९१२ चा रुपिया २०१२ पासून या नियमात आला. या टेबलावरचं १९३५ चं नाणं २०३५ मध्ये येईल. तोपर्यंत भावाला किंवा मुलीला पाठवायचं असेल तर त्यातलं साल आधी भिंगानं नीट वाचा आणि मगच पाकिटात भरा.