फाशीच्या तीन फायली

[दृश्य : अभिलेख कक्ष, लाल फडक्यात बांधलेली दप्तरं]

असल्या दप्तरांत माणसांचे जीव बांधलेले असतात. १९७५ साली उत्तर प्रदेशात पीलीभीतच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली : जीता सिंग, कश्मीरा सिंग, हरबन्स सिंग. एका कुटुंबातल्या चौघांचा खून, आणि त्यात तिघांचा वाटा सारखाच.

[दृश्य : निकालपत्राची पानं, तारखा जवळून]

आता या तारखा बघा. १९७६ : सर्वोच्च न्यायालयाने जीताचा अर्ज फेटाळला. १९७७ : कश्मीराचं प्रकरण दुसऱ्या पीठापुढे, म्हणजे वेगळ्या न्यायाधीशांपुढे गेलं, फाशीची जन्मठेप झाली. १९७८ : तिसऱ्या पीठाने हरबन्सचा अर्ज फेटाळला. १९८० मध्ये त्याची फेरविचार याचिकाही फेटाळली गेली. कश्मीराला जन्मठेप झाल्याचं तेव्हाही पीठाच्या नजरेस आलं नाही. ६ ऑक्टोबर १९८१ हा उरलेल्या दोघांच्या फाशीचा दिवस ठरला. हरबन्सला स्थगिती मिळाली. १९८२ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करण्याची शिफारस राष्ट्रपतींकडे केली.

जीताला ठरल्या दिवशी फाशी झाली होती.

[दृश्य : टेबलावर घरंगळणारे फासे]

गुन्हा एकच, शिक्षा मात्र वेगळी. असं का होतं? २००६ साली प्रसिद्ध झालेला जर्मनीतला एक प्रयोग बघा. कायद्याच्या जाणकारांना दुकानातल्या चोरीचा एक खटला वाचायला दिला आणि सरकारी वकील किती महिने शिक्षा मागतो, ते ठरवायला फासे टाकायला लावले. फासे मुद्दाम असे घडवलेले, की बेरीज ३ यावी किंवा ९. हे आकडे फाशांतून आले, हे त्यांना डोळ्यांनी दिसत होतं. तरी ३ आलेल्यांनी सरासरी ५ महिने शिक्षा सुचवली, ९ आलेल्यांनी जवळपास ८. आपण निष्पक्ष आहोत असं मनापासून वाटत असतानाही आधी समोर आलेला आकडा असा रुतून बसतो.

[दृश्य : न्यायालयाचा बाहेरचा व्हरांडा, गर्दी]

१९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने शिक्षेवर वेगळी सुनावणी दिली. अनेकदा ती दोषी ठरवल्याच दिवशी उरकते. आरोपी तरुण आहे, घरी म्हातारे आईबाप आहेत, एवढं वकील बोलतो आणि संपतं. मग न्यायाधीशापुढे उरतं काय? गुन्ह्याचे फोटो, बाहेरचा संताप आणि स्वतःचा स्वभाव.

मे २०२२ मध्ये, मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं : आरोपीची मानसिक तपासणी, त्याची पार्श्वभूमी, तुरुंगातली वागणूक, सगळं समोर आणा, आणि तेही खटल्याच्या पायरीवरच. माझं म्हणणं एवढंच : ही माहिती हातात आल्याशिवाय कोणत्याही सत्र न्यायालयाने फाशीवर युक्तिवाद ऐकायला बसू नये.