हंगामाचा पहिला बर्फ: पातळ थराचा धोका

हंगामाच्या सुरुवातीला एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘अजून बर्फच कुठे पडलाय, हिमस्खलन कशाचं होणार?’ आजचं माझं बोलणं या वाक्याविरुद्ध आहे.

पहिला बर्फ पडतो आणि मग दोन-तीन आठवडे आकाश निरभ्र राहतं. उन्हातल्या उतारांवरचा बर्फ वितळून जातो. उंचावरच्या सावलीतल्या घळींत, म्हणजे उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर, तो टिकतो. घात करतो तो हाच टिकलेला बर्फ. जमिनीलगत तापमान शून्य अंशाच्या आसपास असतं, तर रात्री उघड्या आकाशाखाली बर्फाचा पृष्ठभाग उणे 15 अंशांपर्यंत उतरू शकतो. थर 30 सेंटिमीटरचा असेल तर दर 10 सेंटिमीटरला 5 अंशांचा फरक झाला. हा फरक साधारण 1 अंशाहून जास्त असला की थरातली वाफ खालून वर सरकते, कणांना जोडणारे दुवे झिजतात आणि सुटे, टोकदार स्फटिक उरतात. थर जितका पातळ तितका हा फरक तीव्र. म्हणजे बर्फ कमी आहे, हेच तो कमकुवत होण्याचं कारण.

जमिनीपर्यंत खणा आणि तळाचा बर्फ मुठीत घेऊन दाबा. त्याचा गोळा वळत नाही. जाड साखरेसारखा तो बोटांच्या फटींतून गळतो. अशा साखरेवर पुढचं वादळ 40 सेंटिमीटर बर्फ टाकतं, वारा तो धारेपलीकडच्या आडोशाला नेऊन घट्ट बसवतो आणि एकसंध स्लॅब, म्हणजे एका तुकड्यात सुटू शकणारी बर्फाची लादी, तयार होतो. स्की चालवण्याइतका बर्फ तेव्हा नेमका तिथेच असतो, त्यामुळे माणसंही तिथेच जातात.

उताराचा कोन अंदाजाने सांगू नका, मोजा. बहुतेक स्लॅब 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात, त्यातही 38 च्या आसपास जास्त. आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावरचा उतार मोजायचा, कारण पायथ्याशी पडलेलं पाऊल वरचा स्लॅब सोडवू शकतं. पायाखाली ‘वुम्फ’ असा दबका आवाज आला किंवा स्कीपासून भेगा धावल्या, तर चाचणीची गरजच नाही, मागे फिरा.

चाचणी करायचीच तर उताराला आडवा 90 सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या दिशेने 30 सेंटिमीटर लांब ठोकळा चारही बाजूंनी मोकळा करा. एका टोकाला फावडं ठेवून मनगटातून 10, कोपरातून 10, खांद्यातून 10 थापा मारा. ज्या थापेला भेग पडली त्याच किंवा पुढच्या थापेला ती दुसऱ्या टोकापर्यंत गेली, तर उतार सोडायचा. नाही गेली तर? चार पावलांवर थर वेगळा असू शकतो. चांगला निकाल म्हणजे परवानगी, असं कृपा करून मानू नका.

ओलांडायचंच असेल तर एका वेळी एकच जण, आणि थांबायचं उताराच्या वाटेबाहेर. पातळ बर्फाखाली खडक आणि झाडांचे बुंधे दडलेले असतात. गाडला न जाताही माणूस त्यांवर आपटून मरतो. म्हणून हेल्मेट हवंच, आणि लहान स्खलनालाही लहान समजू नये.

उन्हाळाभर पडून असलेला ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्या माणसाला शोधण्यासाठी सिग्नल देणारं आणि पकडणारं यंत्र, आधी उघडून पाहा. बॅटरी गळून टोकांना गंज चढला असेल तर तो दुरुस्तीला द्या. निर्माता सांगेल त्याच प्रकारची नवी बॅटरी घाला. निघताना प्रत्येकाचा सिग्नल दुसऱ्याने तपासावा. फोन ट्रान्सीव्हरपासून निदान 20 सेंटिमीटर दूर, शोध घेताना 50. शोधाच्या शेवटच्या 3 मीटरमध्ये ट्रान्सीव्हर बर्फाला लावून सावकाश सरकवा, आणि अंतराचा सर्वांत कमी आकडा जिथे दिसेल तिथून 25 सेंटिमीटर अंतराने प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) टोचत जा. प्रोब पृष्ठभागाला काटकोनात हवा. लागला की तो काढू नका. उताराच्या खालच्या बाजूला, गाडल्या गेलेल्या खोलीच्या दीडपट अंतरावर उभे राहून आत खणत जा. माणूस हाती लागताच आधी तोंड आणि छाती मोकळी करा, पाय नंतर.