पाण्याला कोपर लावून

(दृश्य: मिरजेजवळची एक वस्ती. नळाखाली भरणारं प्लॅस्टिकचं घमेलं.)

शनिवार, सकाळचे साडेसात. घमेल्यात पाणी आणि पाण्यात तात्यांचे पाय. 20 मिनिटं भिजू द्यायचे. तोवर काम असं काहीच नसतं. मी शेजारी पाटावर बसते. तात्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ते हरिपाठ पुटपुटतात, मधेच नातवाच्या तक्रारी सांगतात.

(दृश्य: तळवा, अगदी जवळून.)

तात्यांचा कुष्ठरोग कधीच बरा झाला. एमडीटीच्या, म्हणजे एकत्र घ्यायच्या अनेक औषधांच्या, गोळ्या 6 ते 12 महिने नेमानं घेतल्या की रोग जातो, आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. पण उपचाराला उशीर झाला आणि नसा मेल्या, तर गेलेली जाणीव बहुतेक वेळा परत येत नाही. चपलेत खडा गेला तरी कळत नाही. माणूस दिवसभर त्याच खड्यावर चालतो आणि संध्याकाळी रक्त बघून दचकतो. तळव्याला घाम सुटत नाही, म्हणून कातडी कोरडी पडून भेगाळते. भेगेतून जखम, जखमेतून हाडापर्यंत. हे टाळायचं तर रोज पाय भिजवायचे, वजरीनं घट्टे हलक्या हातानं घासायचे आणि कातडी ओली असतानाच तेल चोळायचं.

रोज हे तात्या स्वतःच करतात. आम्ही शनिवारी जातो ते टाचेमागचं, बोटांच्या बेचक्यातलं बघायला. थंडीत पाणी कोमट करून घेतात, तेव्हा मी दर वेळी बजावते, "तात्या, हात घालून बघू नका. तुमच्या बोटांना चटका कळत नाही. कोपर लावा."

(दृश्य: सांगली–मिरज रस्ता, बसच्या खिडकीतून.)

मी सांगलीच्या गावभागातली. आमच्या चर्चच्या मंडळीत पाळकांनी सेवेसाठी नावं मागितली, तेव्हा मला मुलांची संडे स्कूल हवी होती. ती जागा भरली होती. उरलं होतं हे काम. मिरजेला जाताना वाटेत वानलेसवाडी लागते. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उभं केलं, हजारोंना डोळे दिले, जीव दिले. सेवा म्हटलं की आमच्या घरात त्यांचंच नाव निघायचं. त्यांच्यापुढे माझं घमेलं काय? कितीतरी शनिवार मी हाच हिशेब मांडत बसमध्ये बसले. मग हळूहळू तो मांडायचं राहून गेलं. तात्यांच्या डाव्या टाचेची भेग मिटली होती, ती पुन्हा उघडू नये एवढंच डोक्यात असायचं. मला वाटतं, प्रार्थनेत जे मागत होते ते तिथंच मिळायला लागलं होतं.

योहानाच्या शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय मला तोंडपाठ आहे. प्रभू येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र पाय मागे घेतो. वाचताना मी मनात नेहमी रुमालाच्या बाजूला असायचे. पेत्राचं ते नाही म्हणणं मला कधी माझं वाटलंच नाही.

(दृश्य: कृष्णा, आयर्विन पूल, पुराच्या खुणा.)

ऑगस्ट 2019. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. आमचं घर पाण्यात. आम्ही मिरजेत नातेवाइकांकडे. पाणी उतरल्यावर घरातला गाळ उपसून परतताना मी वस्तीवर डोकावले, शनिवार चुकला होता म्हणून. पिंढऱ्यांपर्यंत चिखल, पायाच्या बोटांत कुजलेला वास. दारात तात्या.

"बसा की बाई."

"नको तात्या, पाय बघा माझे. अंगण घाण होईल."

"बसा म्हणतो न्हवं."

त्यांनी चुलीवरचं पाणी घमेल्यात ओतलं, वर गार पाणी घातलं. मी पुन्हा नको म्हणाले. दोनदा म्हणाले. आखडलेल्या बोटांनी त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली, वाकले, आणि पाण्याला कोपर लावलं. थोडा वेळ तसेच थांबले.

"आता घाला," ते म्हणाले. "भाजायचं न्हाई."

(दृश्य: घमेल्यात गढूळ होत जाणारं पाणी.)