आधी केबल, मग बटण

(दृश्य: टेबलावर फोन, मागे भिंतीवरचं घड्याळ)

फोनमधलं घड्याळ १०:१७ वर थांबलंय. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजत आले. बोटानं सरकवून पाहिलं, टिचक्या मारून पाहिल्या, पडदा ढिम्म. पण तो उजळलेला आहे आणि फोनची पाठ कोमट लागते. म्हणजे आत काहीतरी चालू आहे.

अँड्रॉइडमध्ये एखाद्या ॲपनं स्पर्शाला ५ सेकंदांत उत्तर दिलं नाही, तर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी चौकट येते. इथे तीही आलेली नाही. चौकट दाखवणारी यंत्रणाच अडकली आहे.

अशा वेळी हात आपोआप पॉवरच्या बटणाकडे जातो. बघा, इथेही गेला. हे बटण दाबायचंच आहे, पण आत्ता नाही. या फोनमध्ये असे फोटो आहेत, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

(दृश्य: लॉक स्क्रीन, पॅटर्न काढणारं बोट)

फोन सुरू झाल्यावर आपण पहिल्यांदा पॅटर्न काढतो, तेव्हा नुसता पडदा उघडत नाही. आतल्या फायली कूटबद्ध असतात, त्या वाचायची किल्ली तेव्हा मोकळी होते आणि फोन बंद होईपर्यंत मेमरीत राहते. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढची आवृत्ती घेऊनच बाजारात आलेल्या फोनांना हे कूटबद्धीकरण सक्तीचं आहे. आपला फोन हँग झालाय खरा, पण किल्ली अजून मेमरीत आहे. रीस्टार्ट केला की ती जाईल. मग पुन्हा पॅटर्न काढावा लागेल, आणि तेव्हाही पडद्यानं बोट ओळखलं नाही, तर फोटो फोनमध्ये असूनही हाती लागणार नाहीत.

म्हणून आधी केबल.

(दृश्य: केबल लावली, कॉम्प्युटरवर काहीच नाही)

केबल लावली. चार्जिंग सुरू झालं, कॉम्प्युटर मात्र गप्प. इथेच बरेच जण फोन मेला असं समजून हात टेकतात. आम्ही ही केबल ब्लेडनं सोलली. आत दोनच तारा निघाल्या, लाल आणि काळी. दोन्ही विजेच्या. शेजारची केबल सोलली तर चार निघाल्या. पांढरी आणि हिरवी, या दोन तारांमधून माहिती जाते. पहिल्या केबलमध्ये त्या घातलेल्याच नव्हत्या. फोनला दोष देण्याआधी केबल बदलून बघा, हे आम्ही कितीदा सांगितलं तरी कमीच.

तशीच चार तारांची दुसरी केबल घेतली. कॉम्प्युटरनं आवाज केला, फोनचं नाव दिसलं. उघडलं तर आत रिकामं. कारण ‘फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय फोनच्या पडद्यावर निवडावा लागतो, आणि पडदा तर हँग आहे.

(दृश्य: काळी खिडकी, लुकलुकणारा कर्सर)

उरतो तो अँड्रॉइड डीबग ब्रिज, म्हणजे एडीबी. कॉम्प्युटरवरून टाइप केलेली आज्ञा तो केबलमधून फोनपर्यंत नेतो. फोनमधला त्याचा मदतनीस पडद्याच्या यंत्रणेपासून वेगळा चालतो, म्हणून पडदा अडकला तरी तो बऱ्याचदा जागा असतो.

‘एडीबी डिव्हायसेस’ टाइप केलं. फोनचा क्रमांक आला आणि पुढे शब्द आला ‘डिव्हाइस’. हवा होता तो हाच. ‘अनऑथराइज्ड’ आलं असतं तर वाट इथेच संपली असती, मग थेट बटणंच.

हा शब्द आला, कारण तयारी आधी झाली होती. सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यात यूएसबी डीबगिंग चालू करायचं, केबल जोडायची आणि या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवू का, या फोनच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं. अँड्रॉइड ११ पासून ही परवानगी ७ दिवस वापरली नाही तर आपोआप रद्द होते. हा फोन याच कॉम्प्युटरला चार दिवसांपूर्वी जोडला होता. परवानगी फक्त स्वतःच्या कॉम्प्युटरला द्या, दुसऱ्या कुणाच्याही नाही.

आता ‘एडीबी पुल’, आणि पुढे कॅमेऱ्याच्या फोल्डरचा पत्ता.

(दृश्य: कॉपी चालू आहे, मग एकेक फोटो उघडून पाहिला जातो. वीस सेकंद निवेदन नाही.)

फोटो आले, उघडले. आता दुखणं शोधू. एका आज्ञेत साठवणीचा हिशेब समोर येतो. वापर १०० टक्के. तसूभर जागा उरलेली नाही. फोन हँग होण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी हे एक. ज्यांची प्रत कॉम्प्युटरवर नीट चालते, असे चार मोठे व्हिडिओ फोनवरून काढून टाकले.

(दृश्य: दुसरा फोन, आयफोन)

आयफोनचा क्रम वेगळा. आयफोन ८ आणि त्यापुढच्या फोनांत आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण लोगो येईपर्यंत धरून ठेवा. या फोनला तेवढंही पुरलं नाही. मग केबल जोडून पुन्हा तेच केलं, फक्त लोगो आल्यावरही बटण सोडलं नाही. पडद्यावर केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र आलं, आता सोडायचं. कॉम्प्युटर दोन पर्याय देतो. ‘अपडेट’ प्रणाली नव्यानं बसवतं आणि तुमची माहिती राखायचा प्रयत्न करतं. ‘रिस्टोअर’नं सगळं पुसलं जातं. अपडेट निवडा. डाउनलोडला १५ मिनिटांहून जास्त वेळ लागला तर फोन या अवस्थेतून बाहेर पडतो. घाबरून रिस्टोअरकडे वळू नका. डाउनलोड संपू द्या आणि बटणं त्याच क्रमानं पुन्हा दाबा.

(दृश्य: पुन्हा पहिला फोन)

आता रीस्टार्ट. ‘एडीबी रीबूट’ टाइप केलं. फोन हलला नाही, तेव्हा आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकत्र धरले. बटणं बराच वेळ धरली की त्याची दखल विजेचा पुरवठा सांभाळणारी चिप घेते. सॉफ्टवेअर अडकलं असलं तरी तिचं अडत नाही.

पडदा काळा झाला. लोगो आला. लॉक स्क्रीनवर १२:४१. भिंतीवरही १२:४१.

(दृश्य: बोट पॅटर्न काढतं. निवेदन नाही.)